‘पॉवर’ म्हणजे नेमकं काय? वीज, सत्ता की मुखत्यारपत्र?

नाशिक जिल्ह्यात ‘पॉवर’ हा शब्द रोज कानावर पडतो, पण जागा बदलली की अर्थही बदलतो. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात पॉवर म्हणजे वीज. मालेगावच्या पॉवरलूममध्ये ती यंत्राची ताकद, म्हणून मराठीत यंत्रमाग. हाताने चालतो तो हातमाग. ‘अमका पक्ष पॉवरमध्ये आला’ म्हटलं की सत्ता. गणितात घात: 2 चा तिसरा घात 8. चष्म्याच्या दुकानात मात्र आपण सरळ ‘नंबर’ म्हणतो, आणि तोच शब्द सोयीचा आहे.

विज्ञानाच्या पुस्तकात पॉवरला ‘शक्ती’ म्हणतात. शक्ती म्हणजे काम किती वेगाने होतं ते. एकूण किती ऊर्जा लागली, ती वीजबिलातल्या युनिटमध्ये दिसते. 1 हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे 746 वॉट. म्हणजे 5 एचपीचा शेतीपंप तासभर पूर्ण भाराने चालला, तर किमान पावणेचार युनिट लागतात. निफाड, दिंडोरीच्या शेतकऱ्यासाठी हा आकडा पुस्तकी नाही. राज्य सरकारने 2024 मध्ये आणलेली ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना’ 7.5 एचपीपर्यंतच्या पंपांसाठीच आहे.

सर्वांत महागात पडू शकतो तो ‘पॉवर ऑफ अटर्नी’मधला पॉवर. बोलताना याचंही नुसतं ‘पॉवर’ होतं: ‘प्लॉट पॉवरवर घेतलाय.’ इथे पॉवर म्हणजे अधिकार, तोही दुसऱ्याच्या वतीने काम करण्याचा. मराठीत मुखत्यारपत्र, सर्व व्यवहारांसाठी दिलं तर कुलमुखत्यारपत्र. ते हातात आलं म्हणजे जमीन नावावर झाली, असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ‘सूरज लॅम्प’ खटल्यात हे स्पष्ट केलं: केवळ मुखत्यारपत्रावर स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. शिवाय मुखत्यारपत्र देणाऱ्याचा मृत्यू झाला, की ते साधारणपणे संपतं. मग पूर्ण पैसे मोजलेल्या माणसालाही वारसांच्या दारात उभं राहावं लागू शकतं.

परदेशातल्या भावाने नाशिकच्या बहिणीला घर विकण्यासाठी दिलेलं मुखत्यारपत्र अर्थातच चालतं. त्यावर ती भावाच्या वतीने सही करू शकते. घेणाऱ्याच्या नावे खरेदीखत मात्र तेव्हाही करावंच लागतं.