दीड मीटर तारेची किंमत

आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळाशी टाकलेली तार १८५८च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा बोलली. १६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा निरोप अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स ब्युकॅनन यांना पाठवण्यात आला. तो पलीकडे पोहोचायला सुमारे १६ तास लागले, म्हणजे एका शब्दाला जवळपास दहा मिनिटं! तरी लोकांचा आनंद गगनात मावेना. न्यूयॉर्कमध्ये इतकी आतषबाजी झाली की सिटी हॉलच्या घुमटालाच आग लागली. आणि साधारण तीन आठवड्यांत ती तार कायमची मुकी झाली.

हा इतिहास आज काढायचं कारण अगदी घरगुती आहे. माझ्या भाच्याने शिकवण्या घेऊन तीन हजार रुपये जमवले. त्याच्या हेडफोनची केबल सुटी होते, म्हणजे ती काढून दुसरी लावता येते. चांदीचा मुलामा दिलेली एक केबल त्याने हेरून ठेवली आहे. किंमत अडीच हजार. म्हणजे हेडफोनला जेवढे पैसे पडले, जवळपास तेवढेच. “मामू, घेऊ का?” एवढाच त्याचा सवाल. ‘उगाच पैसे उधळू नकोस’ एवढं सांगून गप्प करता आलं असतं. पण स्वतःच्या कमाईतून पहिल्यांदा काही घेऊ पाहणाऱ्या पोराला नुसता नकार नको, कारण हवं. ते कारण शोधायचं तर अटलांटिकच्या तळाशी जावं लागतं. तारेने निरोप बदलतो का, किती बदलतो आणि कशामुळे, हा वाद तिथेच लढला गेला आणि निकालीही निघाला.

त्या तारेचं विजेचं काम वाइल्डमन व्हाइटहाउस यांच्याकडे होतं. पेशाने ते ब्रायटनचे शल्यचिकित्सक. विजेचे प्रयोग त्यांनी स्वतःच्या हौसेने केले होते. कंपनीच्या संचालकांमध्ये ग्लासगो विद्यापीठाचे तरुण प्राध्यापक विल्यम थॉमसन होते, पुढे ज्यांना जग लॉर्ड केल्विन म्हणून ओळखू लागलं. थॉमसन यांनी गणिताने दाखवलं होतं की समुद्राखालच्या तारेत निरोपाचा खोळंबा लांबीच्या वर्गाने वाढतो. लांबी दुप्पट, तर खोळंबा चौपट. त्यावर उपाय म्हणजे जाड तांबं आणि त्याभोवती जाड आवरण. व्हाइटहाउस यांना हे मान्य नव्हतं. शेवटी खर्चाच्या आणि घाईच्या बाजूने कौल गेला आणि दर सागरी मैलाला १०७ पौंड तांबं असलेली तार समुद्रात उतरली. निरोप अडखळू लागले तसा व्हाइटहाउस यांनी विजेचा दाब वाढवला, सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत. आधीच कुठेकुठे सदोष असलेल्या तारेने त्यानंतर दम तोडला.

पण मरण्यापूर्वी तिने एक काम करून दाखवलं. हिंदुस्थानातल्या १८५७च्या उठावामुळे कॅनडातल्या दोन पलटणींना परत बोलावण्याचे हुकूम निघाले होते. उठाव शमत आल्यावर ते हुकूम याच तारेवरून रद्द झाले आणि ब्रिटिश सरकारचे सुमारे ५० हजार पौंड वाचले. कंपनीचं भांडवल होतं साडेतीन लाख पौंड. म्हणजे इथल्या लोकांनी रक्त सांडून दिलेल्या लढ्याचा शेवट दूरच्या एका हिशेबवहीत बचत म्हणून नोंदला गेला. तारेची किंमत किती, हा प्रश्न ती काय करते यावरून ठरतो, हे तेव्हाही खरंच होतं.

या फजितीनंतर ब्रिटनमध्ये रीतसर चौकशी झाली. १८६१ मध्ये अहवाल आला. त्याच वर्षी विद्युतरोधाचं पक्कं माप ठरवण्यासाठी शास्त्रज्ञांची एक समिती बसली. ज्या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये विद्युतरोधाचा नियम मांडला, त्या गेऑर्ग ओहम यांचं नाव पुढे या मापाला मिळालं. आज हेडफोनच्या खोक्यावर ‘३२ ओहम’ असं छापलेलं असतं, ते माप पक्कं होण्यामागे समुद्राखालच्या तारांची ही गरज होती. १८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने टाकलेल्या तारेत दर सागरी मैलाला ३०० पौंड तांबं होतं, आधीच्या जवळपास तिप्पट. ती टिकली. त्याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन तार टाकली आणि आपली मुंबई समुद्रामार्गे लंडनशी जोडली गेली.

तांब्याच्या शुद्धतेचा मुद्दाही तेव्हाच सुटला. ‘तांबं म्हणजे तांबं’ असा समज होता. थॉमसन यांनी वेगवेगळ्या कारखान्यांचे नमुने मोजले, तेव्हा त्यांच्या वहनक्षमतेत मोठा फरक सापडला. मग करारातच चांगल्या वहनाची अट घालण्याची रीत पडली. आज साध्यात साध्या विजेच्या तारेतलं तांबंही साधारण ९९.९ टक्के शुद्ध असतं. ‘ऑक्सिजनमुक्त तांबं’ म्हणून जे महाग विकलं जातं, त्याच्या आणि या साध्या तांब्याच्या वहनात फार तर एखाद्या टक्क्याचा फरक पडतो. म्हणजे एकोणिसाव्या शतकात जिंकलेली लढाई आज नव्या वेष्टनात विकली जाते.

आता भाच्याच्या केबलकडे येऊ. अटलांटिकची तार तीन हजार किलोमीटरांहून लांब होती, ही दीड मीटर. म्हणजे वीस लाख पट आखूड. थॉमसन यांचा वर्गाचा नियम लावला तर तशीच तार इथे वापरूनही खोळंबा चार लाख कोटी पटींनी कमी होईल. ज्या दोषाने राणीचा निरोप १६ तास अडकला, तो इथे कानाला कळेल एवढा उरतच नाही.

राहिला विद्युतरोध. समजा केबलमधली तांब्याची तार ०.०८ चौरस मिलिमीटर जाडीची आहे. जाऊन-येऊन तीन मीटर तारेचा रोध भरतो सुमारे ०.६५ ओहम. चांदी तांब्यापेक्षा सहा-सात टक्के चांगली वाहक. तेवढ्याच जाडीची अख्खी चांदीची तार घेतली तर रोध होतो ०.६० ओहम. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये या बदलाने आवाजाची पातळी वाढते सुमारे ०.०१३ डेसिबल. कान कितीही तयार असला, खोली कितीही शांत असली, तरी डेसिबलच्या काही दशांशांखालचा फरक माणसाला ओळखता येत नाही. भाच्याच्या केबलला तर नुसता मुलामा आहे, म्हणजे फरक याहूनही कमी. शिवाय हेडफोनच्या आतल्या गुंडाळीत केसासारखी बारीक तार असते आणि ते ३२ ओहम मुख्यतः तिचेच. बाहेर चांदी लावली तरी विजेला त्या बारीक बोळातूनच जायचं आहे.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो खोटा का? लोक खोटं बोलत नाहीत. नवी वस्तू आली की आपण लक्ष देऊन ऐकतो आणि लक्ष दिलं की कव्वालीतल्या टाळीमागची पुसटशी पेटीही ऐकू येते. ती आधीही तिथेच होती. खात्री करायची असेल तर उपाय बिनपैशाचा आहे. दोन केबल मित्राकडून उसन्या घ्या, आवाज सारखा ठेवा आणि कोणती लावली ते न सांगता दुसऱ्याला दहा वेळा लावायला सांगा. पाच-सहा वेळा बरोबर आलात तर ते नाणेफेकीसारखं. नऊ वेळा आलात तर मात्र विचार करू. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा उत्तरं बरोबर येण्याची शक्यता शंभरात साधारण एक.

याचा अर्थ केबल कधीच बदलू नये असा नाही. कानात घालायच्या काही इयरफोनचा रोध काही स्वरांना मोजक्या ओहमांपर्यंत उतरतो. तिथे केबलचा अर्धा-एक ओहम आवाजाचा तोल थोडा हलवू शकतो. काही केबल शर्टावर घासल्या की कानात खरखर होते, काही नको तितक्या लांब किंवा जड असतात. ही खरी कारणं आहेत. आणि सगळ्यात खरं कारण म्हणजे तुटलेली तार. हेडफोनची पिन जन्मली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, एकोणिसाव्या शतकात. तिथे बसलेले ऑपरेटर दिवसभर पिना काढत आणि खोचत. मुंबईतही १८८२ मध्ये एक्स्चेंज सुरू झालं. तीच ६.३५ मिलिमीटरची पिन लहान होत ट्रान्झिस्टर रेडिओवर आणि १९७९ मध्ये वॉकमनवर ३.५ मिलिमीटरची होऊन आपल्या खिशात आली. पिन खोचणं-उपसणं सोसते. तिच्या मानेशी तार वाकते, तिथे ती आतून झिजते.

भाच्याला फोनवर विचारलं, “पिनेजवळ वाकवलीस तर डावा कान जातो का?” म्हणाला, “जातो ना मामू, कधीकधी.” म्हणजे दुखणं धातूचं नव्हतंच, सांध्याचं होतं. त्याला साडेतीनशे रुपयांची साधी तांब्याची केबल घ्यायला सांगितलं. मोजमापं पाहून घे म्हटलं: दीड मीटर, त्याच्या हेडफोनला बसणारी पिन, आणि मानेशी रबराची लवचीक, लांबट बाही. हातात डाग देण्याचं कसब असतं तर नुसती पिन बदलून पन्नास-साठ रुपयांतही भागलं असतं.

उरलेल्या पैशांचं काय करायचं ते त्याचं त्याने ठरवावं. पुढेमागे आवाजच सुधारायचा असेल तर ते पैसे चांगल्या हेडफोनसाठी ठेवावेत, कारण आवाज घडतो तो तिथल्या पडद्यात आणि गुंडाळीत. व्हाइटहाउस आणि थॉमसन यांच्यात फरक पैशांचा किंवा हौसेचा नव्हता. एकाने आधी जोर लावला, दुसऱ्याने आधी मोजलं. ज्याच्या खिशात मोजकेच पैसे असतात, त्याला तर आधी मोजल्यावाचून गत्यंतरच नाही.