घरच्या कुंडीतला गांजा: कुटुंबाने काय लक्षात ठेवावे?

"दोनच रोपं आहेत, दुखण्यापुरती," असे काही रुग्ण सांगतात. पण गच्चीवरच्या कुंडीत वाढला म्हणून गांजा निर्धोक होत नाही.

धोका कशात आहे?
नशा आणणारा टीएचसी हा घटक मुख्यतः मादी झाडाच्या फुलोऱ्यात असतो. त्याचे प्रमाण झाडागणिक बदलते. घरी ते मोजता येत नाही, म्हणून मात्राही ठरवता येत नाही. दमट हवेत फुलोऱ्याला बुरशी लागते. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला त्यातून फुप्फुसाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. किशोरवयात नियमित सेवन केल्यास भास, संशय यांसारख्या मानसिक आजारांचा धोका वाढतो.

कायदा काय सांगतो?
भारतात एनडीपीएस कायदा, १९८५ नुसार विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे, मग ती कुंडीत का असेना. शिक्षा १० वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड.

रुग्णालयात केव्हा न्यावे?
मुलाने गांजा किंवा भांग घातलेला पदार्थ खाल्ला असेल तर लगेच. परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागू शकतात, त्यामुळे वाट पाहू नका. खूप गुंगी, तोल जाणे किंवा श्वास मंदावणे दिसल्यास १०८ ला फोन करा. घरी उलटी करवू नका. काय, किती, केव्हा खाल्ले ते डॉक्टरांना खरे सांगा. लपवल्याने उपचाराला उशीर होतो.

सवय सोडवण्यासाठी टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.