'शुगर' शब्दाची कुळकथा

इंग्रजीतील 'शुगर' आणि आपली 'साखर' यांतील ध्वनिसाम्य हा योगायोग नव्हे. दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. त्यांचे मूळ संस्कृत 'शर्करा'. वैदिक वाङ्मयात शर्करा म्हणजे बारीक खडे, रेती. पुढे उसाचा रस आटवून त्याचे रवे पाडण्याची विद्या भारतात सिद्ध झाली, तेव्हा त्या खड्यांसारख्या रव्यांना हेच नाव मिळाले.

प्राकृतातील 'सक्करा' मराठीत 'साखर' होऊन स्थिरावली. दुसरीकडे हाच शब्द व्यापाऱ्यांबरोबर समुद्रापार गेला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात, भडोच परिसरातून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या मालात तांदूळ, तूप व सुती कापड यांच्यासह 'साक्खारी' नावाच्या वेताचा मध नोंदलेला आहे. त्याच शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी साखरेचा उपयोग केवळ औषधापुरता सांगतो.

फारसीत 'शकर' व अरबीत 'सुक्कर' झालेला हा शब्द अरबांनी ऊसलागवडीबरोबर सिसिली आणि स्पेनपर्यंत नेला. तेथून तो इटालियन व फ्रेंच भाषांत आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोचला. 'कँडी'चे मूळही संस्कृत 'खंड' हेच. आपल्या 'खांडसरी'त ते आजही दिसते. गुळाचे इंग्रजी नाव 'जॅगरी' हे पोर्तुगीजांनी मलबारातील 'चक्कर' या शब्दावरून उचलले. म्हणजे एकच शर्करा इंग्रजीच्या घरात दोन दारांनी शिरली!

या गोड शब्दाच्या इतिहासात एक कडू प्रकरणही आहे. कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांसाठी लक्षावधी आफ्रिकी माणसांना गुलाम करून नेण्यात आले. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी संपुष्टात येताच, १८३४ पासून, मॉरिशसच्या मळ्यांवर हिंदी मजूर कराराने जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांच्या घरांतून आज बहुधा क्रिओल बोलली जाते. तरीही त्यांचा समाज मराठी म्हणूनच ओळखला जातो आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.

भडोचहून निघालेल्या शब्दाने परमुलखात अनेक रूपे पालटली, पण त्याचे मूळ पुसले गेले नाही. उसामागोमाग गेलेल्या या माणसांचेही तसेच झाले. घरापासून दूर राहणाऱ्या आपणा सर्वांना त्यांची ओळख परकी वाटू नये.