गोळी अडवणारी खिडकी

गोळी अडवायची तर खिडकीला सर्वांत कठीण पदार्थ वापरावा, असे आपल्याला सहज वाटते. पण कठीण म्हणजे चिवट नव्हे. काच कठीण असते, तशीच ठिसूळही. गोळी बाहेरच अडली तरी काचेच्या आतल्या बाजूने उडालेल्या कपच्या माणसाला जखमी करू शकतात.

यावरचा एक उपाय योगायोगाने सुचला. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत काचेचा चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, असे सांगतात. आत सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर वाळून बसला होता. त्यावरून दोन काचांमध्ये सेल्युलॉइड चिकटवण्याचे पेटंट त्याने १९०९ मध्ये घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत अशी काच वापरली गेली. मात्र सेल्युलॉइड उन्हाने पिवळे पडे. पुढे १९३० च्या दशकात पॉलिव्हिनाइल ब्युटिरल हा पारदर्शक, लवचीक पदार्थ त्याच्या जागी आला.

१९५३ मध्ये जर्मनीत हेरमान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांना नकळत, पॉलिकार्बोनेट तयार केले. हे प्लास्टिक अतिशय चिवट, पण त्यावर ओरखडे चटकन पडतात. मग दोघांची सांगड घातली गेली. बाहेरची काच गोळीचे टोक बोथट करते आणि तिचा वेग कमी करते. आतले पॉलिकार्बोनेट वाकून उरलेली ऊर्जा शोषते, कपच्याही अडवते.

हे थर उलट क्रमाने लावले तर काय होईल? वर्गात विचारून पाहू या.