फ्रीहोल्ड

फ्रीहोल्ड : जमिनीवरचा मुदत नसलेला, वारसाने चालणारा व विकता येणारा हक्क, भाडेपट्ट्याच्या (लीजहोल्ड) उलट. नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या सभांत ‘घरं फ्रीहोल्ड कधी होणार?’ हा प्रश्न मराठीच मानला जातो आणि त्यातल्या ‘फ्री’चा अर्थ सगळ्या बंधनांतून सुटका असाच घेतला जातो. शब्दाचा इतिहास तसे सांगत नाही. ‘फ्री’ आणि संस्कृत ‘प्रिय’ यांचे मूळ एकच, ‘फ्रेंड’ही त्याच कुळातला. प्रिय ती आपली माणसे, आपली ती गुलाम नव्हेत, असा अर्थ सरकत गेला असावा. ‘होल्ड’ म्हणजे धरणे. मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यातल्या ‘लिबेरुम तेनेमेंतुम’ या लॅटिन संज्ञेचे हे इंग्रजी रूप : जमीन वरच्या धन्याकडूनच धरलेली, पण वेठबिगारीवर नव्हे, स्वतंत्र माणसाला साजेल अशा अटींवर. धनी कायम राहिला, धरणाऱ्याची पायरी तेवढी वेगळी होती. गंमत अशी, की ‘लीज’चे मूळ लॅटिन ‘लाक्सारे’, म्हणजे सैल सोडणे. जाचक वाटणारा शब्द सोडण्यातून निघाला आणि मोकळा वाटणारा धरण्यातून.

नवी मुंबईत या पायरीलाच महत्त्व आहे. 1970 साली हे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, 95 गावांच्या जमिनी त्यासाठी संपादनात आल्या. सिडको भूखंड विकत नाही, 60 वर्षांच्या पट्ट्याने देते. घर विकायचे तर तिचा ना हरकत दाखला आणि हस्तांतरण शुल्क आले. जानेवारी 1984 मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील, जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात जासई परिसरात पोलीस गोळीबारात पाच जण मेले. त्या लढ्यातून पुढे आलेल्या साडेबारा टक्के योजनेत शेतकऱ्याला संपादित जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचा विकसित भूखंड परत मिळाला, तोही पट्ट्यानेच. सातबाऱ्यावर ज्याचे नाव होते, तो आपल्याच शिवारात पट्टेदार झाला.

शब्दाच्या अशा उलगड्यावर आक्षेप येतो, की लोकांना व्युत्पत्तीशी काय देणेघेणे, त्यांना शुल्क चुकवायचे आहे. खोटे नाही. पण शुल्क पट्टा कायम ठेवूनही माफ करता येते. मग मागणी तेवढ्यावर थांबायला हवी होती. दुसरीकडे, फ्रीहोल्ड झाले तरी मालमत्ता कर, चटईक्षेत्राची मर्यादा, किनारपट्टीचे नियम सुटत नाहीत; वारस नसलेली मालमत्ता राज्यघटनेच्या अनुच्छेद 296 प्रमाणे सरकारकडेच जाते. सुटते ती मुदत आणि विकताना घ्यावी लागणारी परवानगी. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 29 मधला भोगवटादार वर्ग एक असाच : जमीन कायमची, हस्तांतराला आडकाठी नाही, तरी नाव ‘मालक’ नव्हे, ‘भोगवटादार’.

या कल्पनेला मराठीत जुना शब्द आहे, मिरास. अरबीतून आलेला, अर्थ वारसा. मिरासदाराला सारा चुकला नव्हता, पण जमीन विकता येई, पुढच्या पिढीला देता येई आणि गावात त्याला मान असे. त्याच्या शेजारीच तेवढीच जमीन कसणारा, पण करारापुरता टिकणारा, तो उपरी. मिरासदार आज बहुतेकांना आडनाव म्हणूनच माहीत आहे; ‘उपरा’ मात्र रोजच्या बोलण्यात आहे, बाहेरचा या अर्थाने.