उताऱ्यावर बोजा नाही

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या बहिणीचा नातू फराळाला आला होता. मुलगा हुशार आहे. पुण्यात नोकरी करून त्याने चार पैसे गाठीला बांधले आहेत, आणि आता त्या पैशाने जुनी घरे आणि जमिनी घ्याव्यात असे त्याच्या मनात आहे. दोन अनारसे संपवून तो मला म्हणाला, ''आजोबा, तुम्ही चाळीस वर्षे कचेरीबाहेर दस्त लिहिले. नगरमध्ये आणि श्रीरामपूरकडे अशी घराणी तुम्हाला ठाऊक असतील, ज्यांच्या उताऱ्यावर एक पैशाचाही बोजा नाही. मालमत्ता मोठी, पण हातात पैसा नाही. मला तेवढी नावे सांगा. पुढचे बोलणे मी करीन.''

प्रश्न सरळ होता आणि त्यात गैर असे काही नव्हते. घेणारा असतो म्हणून विकणाऱ्याची अडचण भागते. पण हे वाक्य मी पूर्वी कुठेतरी ऐकले आहे, असे मला राहून राहून वाटत होते. मग लक्षात आले, की ते ऐकलेले नव्हते; आमच्या जिल्ह्याचा शंभर-दीडशे वर्षांचा इतिहासच त्या वाक्यावर चाललेला आहे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी माझ्या पिढीच्या जिभेवर नगर बसले आहे ते बसले आहे. वाचकांनी तेवढे चालवून घ्यावे.

मी त्याला प्रथम किल्ल्याची गोष्ट सांगितली. 1759 साली नगरचा भुईकोट किल्ला पेशव्यांकडे आला, तो तोफा डागून नव्हे. किल्ल्यावर निजामाच्या वतीने कवी जंग नावाचा किल्लेदार होता. त्याच्याशी बोलणे लावून, पैसा देऊन, पेशव्यांनी तो ताब्यात घेतला. ज्या तटाने मोगलांच्या फौजेला महिनोनमहिने दाद दिली नव्हती, तो एका व्यवहाराने हलला. मुलगा खुश झाला. मी म्हणालो, ''थांब. दस्तलेखक म्हणून माझी एक हरकत आहे. कवी जंग मालक नव्हता, राखणदार होता. कब्जा एकाचा आणि हक्क दुसऱ्याचा, अशी मिळकत घेतली की पुढे तंटा ठरलेला.'' तो तंटा कसा झाला हे सर्वांना माहीत आहे. दुसऱ्याच वर्षी, 1760 मध्ये, उदगीरला सदाशिवरावभाऊंना निजामाशी लढावे लागले. एवढ्यावरून तरी माणसाने फेरफार पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

पण किल्ले राजांचे असतात. आपला प्रश्न कुणब्याच्या जमिनीचा आणि घराचा आहे.

इंग्रजी अंमलात पैमाईश झाली आणि शेतकऱ्याचे नाव सरकारी कागदावर स्वच्छ अक्षरांत चढले. सारा भरावा, आणि जमीन विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार आपला. ऐकायला हे फार चांगले होते. वस्तुतः या अधिकारामुळेच जमीन प्रथमच तारण म्हणून उभी राहिली. पूर्वी सावकार पिकाकडे पाहून पैसे देई. आता तो उताऱ्याकडे पाहू लागला. 1861 ते 1865 या वर्षांत अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, हातात पैसा खेळला, सावकारानेही हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. पुढे 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला उठाव झाला, आणि त्याचे लोण पारनेर, श्रीगोंदे, कर्जत असे आमच्या जिल्ह्यात पसरले. लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. तो कागदांवर होता. रोखे आणि गहाणखते चव्हाट्यावर आणून जाळली गेली. आमच्या धंद्याची एवढी मोठी होळी दुसरी झाली नसेल.

त्यातून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला. न्यायाधीशाने नुसता रोखा पाहून निकाल देऊ नये, मूळ व्यवहारापासून हिशेब उकलावा, असे त्यात होते. शिवाय शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोरच लिहिला जावा, असेही होते. म्हणजे सरकारने एक गोष्ट मान्य केली, की सही खरी असली तरी सौदा बरोबरीचा असतोच असे नाही. माझ्या मते ही मान्यता त्या कायद्यातल्या सर्व कलमांहून मोठी होती.

येथपर्यंत मुलगा ऐकत होता. पण त्याच्या चेहऱ्यावर ''सावकार वाईट, मी सावकार नाही'' असे स्पष्ट लिहिलेले होते. म्हणून मी आतल्या खोलीतून पत्र्याची पेटी आणली आणि आजोबांचा कागद काढला.

आमची जमीन प्रवरेच्या कालव्याखाली. हा कालवा म्हणजे आमच्या भागाचा दुसरा जन्म. भंडारदऱ्याला प्रवरेवर धरणाचे काम 1910 साली सुरू झाले आणि 1926 साली गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. संगमनेरखाली ओझरच्या बंधाऱ्यापासून दोन्ही तीरांना कालवे निघाले, आणि जिथे बाजरी पाऊस आला तरच येई, तिथे ऊस उभा राहिला. पाणी येणार हे सर्वांना दिसत होते. परंतु पाण्याची पट्टी, बेण्याचा खर्च, पेंड, मजुरी, गुऱ्हाळ आणि अठरा महिने शेतात उभे राहणारे आडसाली पीक, एवढा जोर कुणब्याकडे कोठून असणार? जमीन त्याची, पाणी सरकारचे, भांडवल कोणाचेच नाही, अशी स्थिती होती.

आणि मग भांडवलवाले आले. प्रथम सासवडचे माळी. हे लोक मोठे कसबी. नीरेच्या कालव्यावर त्यांनी उसाची विद्या हस्तगत केली होती, आणि नवा कालवा निघाला की ते पाण्याच्या मागे जात. गोदावरी-प्रवरेच्या काठी ते आले, गावोगाव हिंडले, जमिनी पाहिल्या. त्यांच्या पाहण्याची रीत मी थोरांच्या तोंडून ऐकली आहे. काळ्याभोर जमिनीवर ते भाळत नसत. खणून खाली मुरूम लागतो का, पाण्याचा निचरा होईल का, ते आधी बघत; कारण निचरा नसलेली जमीन काही वर्षांच्या पाण्याने चोपण होते, वर पांढरे मीठ फुलते. मग मालकाच्या ओसरीवर बसत. घाई नाही. पहिल्या दिवशी पावसापाण्याच्या गोष्टी, दुसऱ्या दिवशी मुलीच्या लग्नाची चौकशी, आणि तिसऱ्या दिवशी खंडाचा आकडा. मालकाला जमीन विकायची नसे, आणि त्यांनाही ती विकत नको असे. दोघांची सोय खंडात होती. याच माळ्यांनी पुढे 1930 नंतरच्या दशकात सोलापूर जिल्ह्यात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. त्यांच्या कष्टाबद्दल कोणी वेडेवाकडे बोलू नये.

त्यांच्या पाठोपाठ कंपन्या. हरेगावची बेलापूर कंपनी 1919 साली निघाली. मुंबईची ब्रॅडी पेढी तिचा कारभार पाही. पुढे टिळकनगरला डहाणूकरांचा, साकरवाडी-लक्ष्मीवाडीला सोमय्यांचा, असे कारखाने उभे राहिले. 1932 साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि या धंद्याला खरा जोर आला. कारखान्याला सलग हजारो एकर ऊस हवा. तो पंचवीस-पन्नास बिघ्यांच्या तुकड्यांतून कसा मिळणार? तेव्हा गाठीभेटी, खंडाचे करार, आणि हरेगावच्या परिसरातल्या काही गावांत तर सरकारनेच जमीन घेऊन कंपनीला दिली. या शेवटच्या जमिनींना 'आकारीपड' हे नाव पडले, आणि ज्यांनी खंडाने दिली ते 'खंडकरी'. मौज अशी, की मराठीत खंड देणाऱ्याला खंडकरी म्हणावे; इथे जमीन देऊन खंड घेणारा मालकच खंडकरी झाला. शब्दच जणू सांगत होता की खरा मालक कोण.

आजोबांचा कागद मुलाने उलगडला. एका कंपनीला तीस वर्षांच्या मुदतीने दिलेली जमीन. खाली डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. मी त्याला म्हणालो, ''चतुःसीमा वाच.'' त्याने वाचल्या: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, वगैरे. ''आता यात पाणी कुठे आहे ते दाखव.'' त्याने कागद दोनदा वाचला. पाण्याचा एक शब्द त्यात नव्हता. जमीन बागायत होणार हे घेणाऱ्याला माहीत होते आणि देणाऱ्यालाही. पण खंड बाजरीच्या हिशेबाने ठरला होता. लबाडी कोठेच नव्हती. 1918 चे अवर्षण आणि इन्फ्लुएन्झाची साथ नुकती सरली होती. आजोबांच्या घरातली दोन माणसे गेली होती, बैल विकले होते. त्या वर्षी त्यांच्या उताऱ्यावर बोजा नव्हता, हे खरे. पण बोजा फक्त उताऱ्यावरच असतो असे नाही.

कंपनीची बाजूही मी त्याला सांगितली, कारण ती सांगितली नाही तर हिशेब अर्धा राहतो. माळरानावर यंत्रे आणणे, रस्ते करणे, गुळासाखरेचे भाव पडले तरी मजुरी भागवणे, हा जुगार होता. आणि आजोबांना खंड ठरल्या दिवशी मिळे, पाऊस पडो वा न पडो. आजी म्हणे, ''त्या खंडावर तुझ्या आत्यांची लग्ने झाली.'' तेही खरेच.

मुदत 1950 च्या सुमारास भरली. वडिलांनी ती वाढवून दिली. दरम्यान 1948 चा कूळकायदा आला. कसेल त्याची जमीन! सगळीकडे कूळ दुबळे आणि मालक बलिष्ठ, असे धरून तो केलेला. आमच्याकडे नेमके उलटे. कूळ म्हणजे गिरणीची चिमणी असलेली कंपनी, आणि जमीनदार म्हणजे तिच्याच मळ्यावर रोजंदारीला जाणारा माझा चुलता. ऊसलागवडीसाठी दिलेल्या पट्ट्यांना त्या कायद्याच्या पुष्कळशा कलमांतून पुढे वगळण्यात आले. मग 1961 चा कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. कंपन्यांकडे मर्यादेहून कितीतरी अधिक जमीन होती. ती शासनाने घेतली, आणि तीत खंडाने घेतलेली जमीनही गेली. 1963 साली शेती महामंडळ निघाले आणि मळे त्याच्याकडे आले. जमीन दिली होती कंपनीला, मागायची कोणाकडे, तर सरकारकडे. मोर्चे, निवेदने, कोर्ट यांत पन्नास वर्षे गेली. 2012 साली खंडकऱ्यांना जमिनी परत देण्यास सुरुवात झाली, तेव्हा आमच्या तुकड्यावर सतरा वारस होते, आणि त्यांतल्या निम्म्यांनी ते शेत कधी पाहिलेले नव्हते.

मुलाने विचारले, ''मग आजोबांनी करायला काय हवे होते?'' हा प्रश्न मला आवडला. उत्तर आमच्याच कालव्यावर मिळाले होते, फक्त तीस वर्षे उशिरा. 1945 साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, बागाईतदारांची परिषद भरली. धनंजयराव गाडगीळ तिथे होते. लोणीच्या विठ्ठलराव विख्यांनी त्यातून धागा पकडला. तेही गावोगाव हिंडले, ओसरीवर बसले, त्याच कुणब्यांपुढे. म्हणजे रीत माळ्यांचीच. मागणे मात्र वेगळे. 'जमीन दे' असे न म्हणता 'जमीन ठेव, भाग घे' असे ते म्हणत. विश्वास बसायला वेळ लागला, कारण असल्या हिंडणाऱ्यांचा लोकांना अनुभव होता. 1948 च्या अखेरीस प्रवरेच्या सहकारी कारखान्याची नोंदणी झाली आणि दोन वर्षांत तो सुरूही झाला. पुढे त्या सहकाराचे काय काय झाले तो निराळा लेख होईल, आणि तो फराळाबरोबर वाचण्यासारखा असणार नाही.

मुलगा त्या दिवशी नावे न घेताच गेला. मला वाटले, रागावला. पण संक्रांतीच्या सुमारास तो एक कच्चा मसुदा घेऊन आला. नगरच्या जुन्या पेठेतला वाडा. मालकीण ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. मिळकतपत्रिका कोरी, छप्पर गळके. त्याने त्यांना शोधून काढले होते. बोलणेही स्वतःच केले होते. चार वेळा गेला, असे म्हणाला. मी चष्मा लावला. मुलींची नावे वारसांत होती, संमतीच्या सह्यांसाठी जागा सोडली होती. 2005 च्या दुरुस्तीनंतर ती चूक नवखे लोक फार करतात. बाईंनी हयातीपर्यंत पुढच्या दोन खोल्यांत राहावे, असे एक कलम होते. किंमत मला थोडी कमी वाटली, आणि तसे मी म्हणालो. त्याने आकडा खोडून नवा लिहिला, जरा नाराजीनेच.

मग मी चतुःसीमा वाचल्या. पूर्वेस बोळ, दक्षिणेस दुसऱ्याची भिंत. आणि त्यांच्या खाली, वेगळ्या शाईने, मागाहून घातलेली एक ओळ होती: परसातील आडाचे पाणी भरण्याचा देणार यांचा हक्क कायम राहील.

''आडाला पाणी आहे का?'' मी विचारले.

''मे महिन्यातसुद्धा असते म्हणाल्या,'' तो म्हणाला. ''मी दोर सोडून पाहिले.''