चालणं हा काय खेळ आहे का राव?

विष्णुपुरीला शिकलेल्या माणसाला कुणी चालण्याचं कौतुक सांगू नये. १९८१ साली सुरू झालेलं आमचं एसजीजीएस कॉलेज नांदेड शहरापासून चांगलंच लांब. रात्रीचा शो सुटला की ऑटोवाला म्हणेल तो भाव, नाहीतर आपले दोन पाय. पण चालण्याची रीतसर स्पर्धा असते, तिला पंच असतात, आणि १९०८ पासून (१९२८ चा अपवाद सोडला तर) ती प्रत्येक ऑलिंपिकमध्ये आहे, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. सध्या ते खूळ डोक्यात शिरलंय. आणि खूळ शिरलं की आधी त्याचा इतिहास वाचायचा ही आपली जुनी खोड. तर मंडळी, या वीकेंडला तेच.

आधी नियम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एकतर एक पाऊल सतत जमिनीला टेकलेलं दिसलं पाहिजे. दुसरं, पुढचा पाय जमिनीला लागल्यापासून तो अंगाखाली सरळ उभा येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. पंच हे नुसत्या डोळ्यांनी बघतात. वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं झाली की एरवी सरळ घरी. काही शर्यतींत मात्र थोडा वेळ बाजूला थांबून पुन्हा चालता येतं. ती कंबर हलवत चालायची गंमतशीर ढब या दोन नियमांतूनच येते. हसू येतं खरं, पण २० किलोमीटरचा विश्वविक्रम बघा. जपानच्या यामानिशीने २०२५ मध्ये तो १ तास १६ मिनिटं १० सेकंदांवर आणला. म्हणजे किलोमीटरला ३ मिनिटं ४९ सेकंदसुद्धा नाहीत. आपल्यातले बहुतेक जण पळूनही त्याच्याबरोबर एक किलोमीटर टिकणार नाहीत.

आता इतिहास. हा खेळ जन्मला पैजेतून. १८०९ साली कॅप्टन बार्कले नावाच्या गड्याने न्यूमार्केटला १००० तासांत १००० मैल चालून दाखवले, दर तासाला एक मैल! म्हणजे सहा आठवडे सलग झोप नाही. (प्रॉडक्शन सपोर्टवाल्यांना हे नवीन वाटणार नाही.) पैज होती १००० गिनींची. पुढे अमेरिकेत एडवर्ड वेस्टन निवडणुकीची पैज हरला आणि १८६१ मध्ये बोस्टनहून वॉशिंग्टनला चालत गेला. लिंकनचा शपथविधी काही तासांनी हुकला, पण रात्रीच्या नाचाच्या समारंभाला साहेब हजर! नंतर सहा-सहा दिवसांच्या शर्यती निघाल्या, तिकिटं लागली, सट्टा आला, आणि मजूर-कामगार घरातली पोरं चालून पैसा कमावायला लागली.

इथे खरी मेख आहे. १८६६ मध्ये लंडनच्या अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबने 'सभ्य' लोकांसाठी वेगळी स्पर्धा काढली. तिच्यातली सात मैलांची चाल जॉन चेंबर्सने जिंकली, तासाच्या आत. हा क्लब काढण्यात पुढाकार त्याचाच, आणि बॉक्सिंगचे क्वीन्सबरी नियम लिहिणाराही हाच. पण या क्लबच्या सुरुवातीच्या व्याख्येत कारागीर, मेकॅनिक आणि मजूर 'हौशी' धरले जात नव्हते. त्याने पैसे घेतले असोत वा नसोत! जो अंगमेहनतीने पोट भरतो तो हौशी कसा, असा तो हिशोब. १८८० मध्ये नवी संघटना आली तेव्हा ही अट गेली. तोवर 'हौशी' या शब्दाचा अर्थ 'साहेब' असाच होता.

हे वाचताना मला सारखे आपले जासूद आणि कासीद आठवत होते. पेशवाईतली टपाल व्यवस्था या लोकांच्या पायांवर चालायची, बहुतेक वेळा जोडीने. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. ती बातमी नानासाहेबांना दहा दिवसांनी भेलशाला (आजचं विदिशा) कळली, ती एका सावकाराच्या कासिदाजवळच्या पत्रातून. अंतर साधारण सातशे किलोमीटर. टप्प्याटप्प्याने धरलं तरी दिवसाला सत्तर! सावकाराचं पत्र इतिहासात आलं, कासिदाचं नाव नाही आलं. बार्कलेचं मात्र छापून आलंय. असो.

आपल्याकडे या लोकांकडे 'खेळाडू' म्हणून कुणीतरी बघितलं ते १९१९ साली, पुण्यात. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांना अध्यक्ष म्हणून आलेल्या दोराबजी टाटांनी खेड्यातली पोरं अनवाणी लांबवर पळताना पाहिली आणि त्यांच्या वेळा टिपल्या. ऑलिंपिकचा विषय निघाल्यावर त्यांनी विचारलं, की १०० यार्डांना किती वेळ लागला तर चालेल? जिमखान्याच्या एका मोठ्या सदस्याने उत्तर दिलं, एक-दोन मिनिटं! हसू नका, माहितीच नव्हती कुणाला. तरीही १९२० मध्ये संघ अँटवर्पला गेला आणि बेळगावकडचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वा आला, २ तास ५० मिनिटांत. तो पळणारा, चालणारा नव्हे, हे मान्य. पण त्याच अँटवर्पला इटलीच्या उगो फ्रिजेरिओने चालण्याच्या दोन्ही शर्यती जिंकल्या, आणि वर बँडवाल्यांच्या हातात आपल्या आवडीच्या सुरावटीचे कागद दिले. चालायच्या संघात आपला एखादा कासिदाचा नातू असता तर? हा प्रश्न मला काही सोडत नाही.

आपल्यासारख्या खुर्चीवाल्यांचा मूळपुरुषही सापडतो बरं का. १ मे १९०३ ला लंडन स्टॉक एक्स्चेंजच्या लोकांनी लंडन ते ब्रायटन अशी ५२ मैलांची शर्यत लावली. पहिला आला तो साडेनऊ तासांत. पण माझा हिरो वेगळा आहे: टॉमी ग्रीन. लहानपणी मुडदूस, पाच वर्षांचा होईपर्यंत धड चालता येत नव्हतं. पुढे पहिल्या महायुद्धात विषारी वायू छातीत गेला. नंतर रेल्वेच्या कारखान्यात कामाला. एका आंधळ्या सैनिकाला ब्रायटनच्या शर्यतीच्या सरावात सोबत करता करता त्याला स्वतःलाच नाद लागला, तेव्हा वय बत्तीसच्या आसपास. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ५० किलोमीटर चाल पहिल्यांदा आली आणि ३८ वर्षांच्या ग्रीनने तिचं सुवर्णपदक घेतलं. १८६६ च्या व्याख्येत हा माणूस बसलाच नसता.

भारताचं खातंही बरं आहे. १९६० ला रोममध्ये झोरा सिंग ५० किलोमीटरमध्ये आठवा. २० किलोमीटरचं आशियाई सुवर्ण १९७८ ला हाकम सिंगला आणि १९८२ ला दिल्लीत चांद रामला. २०१२ ला लंडनमध्ये के. टी. इरफान दहावा. मराठी नाव या यादीत नाही आणि ते मला खटकतं. शेगावहून परभणी-परळी-अंबाजोगाईवरून पंढरपूरला महिनाभर चालत जाणारी पालखी ज्या मुलखातून जाते, तिथे पायांची कमी आहे असं कोण म्हणेल? अर्थात वारीत घड्याळ नसतं, आणि नसावंच.

सुरुवात करायची तर खर्च नाही. पातळ तळव्याचे बूट आणि ४०० मीटरचं मैदान पुरे. आधी हळू चालून गुडघा सरळ ठेवायची सवय लावा, वेग नंतर. पावलं लांब टाकायचा मोह आवरा, छोटी आणि भराभर टाका. नडगी पहिले दोन आठवडे बोंबलते, ती बोंबलली की थांबा. मी सध्या किलोमीटरला साडेसात मिनिटांवर आहे आणि पल्ला पाच किलोमीटर. पुढचं लक्ष्य चेंबर्ससाहेबांचे सात मैल, सव्वाअकरा किलोमीटर, तासाच्या आत. ते गणित किलोमीटरला सव्वापाच-साडेपाचच्या मध्ये कुठेतरी बसतं. बघू!